पितळ उघडं पडण्याआधी : निकेलचा मुलामा घ्यावा की साधं पितळ?

पावसाळा सरला की वसई-विरारच्या वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येऊ लागतो. अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्यालगत राहणारे विचारतात, दोनच वर्षांपूर्वी बसवलेल्या चकचकीत नळाला फोड का आले? बोळींजच्या नव्या इमारतीतून विचारणा होते, नळाच्या मुठीवर पिवळा ठिपका दिसतोय, दुकानदाराने फसवलं का? आगाशी-निर्मळकडच्या जुन्या घरांतून वेगळीच अडचण कळते : आजीच्या समया दर आठवड्याला काळवंडतात, त्या एकदाच्या निकेल करून टाकाव्यात का?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. मुलामा म्हणजे टिकाऊपणा, असं आपण धरून चालतो. मुलामा वस्तूचा वरचा चेहरा सांभाळतो, पण तिचं आयुष्य आतल्या पितळावर आणि आपल्या वापरावर ठरतं. निवड करताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा : काळवंडलेलं पितळ घरच्या घरी परत उजळतं, पण उडालेला मुलामा घरी परत आणता येत नाही. पुढचं सगळं मार्गदर्शन याच पायावर उभं आहे.

आधी एवढं समजून घ्या

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. दुकानात ज्याला ‘सीपी फिटिंग’ म्हणतात त्या नळात आतला देह पितळेचा असतो, त्यावर निकेलचा थर आणि सर्वांत वर क्रोमचा अगदी पातळ थर असतो. घरगुती वस्तूंवर निकेल साधारण ५ ते २० मायक्रॉन असतं, तर क्रोम एक मायक्रॉनहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी तुम्ही पैसे मोजता ती केसाच्या जाडीलाही पोचत नाही.

हा थर तीन कामं चांगली करतो :

- हवेमुळे येणारा काळेपणा रोखतो.
- किरकोळ ओरखडे स्वतःवर घेतो.
- ओल्या फडक्याने पुसला तरी स्वच्छ दिसतो.

त्याच्या मर्यादाही तीनच आहेत :

- त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात. खारं पाणी तिथून आत शिरतं आणि मुलाम्याखालचं पितळ खातं.
- तो पितळेपेक्षा कडक असतो. वस्तू वाकली, दबली किंवा सतत घासली गेली की पितळ सांभाळून घेतं, मुलामा मात्र तडकतो.
- एकदा तुटला की तुटलेल्या कडेपासून पुढे उचकटत जातो.

काडतुसाच्या पुंगळीने दिलेले दोन धडे

साधं पितळ आणि निकेल केलेलं पितळ यांची सर्वांत कठोर परीक्षा बंदुकीच्या काडतुसात होते. आपल्याकडे खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसं बनतात. काडतुसाची पुंगळी बहुधा ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. गोळी सुटताना ती फुगते आणि लगेच आकसते. परदेशांत परवानाधारक नेमबाज तीच पुंगळी साच्यातून काढून पुन्हा पुन्हा भरतात, त्यामुळे दोन्ही प्रकारांची तुलना त्यांच्याकडे आपोआप होते. निकेल केलेली पुंगळी स्वच्छ राहते, सहज सरकते आणि चामड्याच्या पट्ट्यात हिरवी पडत नाही. पण वारंवार वापरात तिचं तोंड साधारणपणे लवकर तडकतं आणि मुलाम्याचे पापुद्रे निघू लागतात. साधी पितळी पुंगळी काळी पडते, पण तिचं तोंड तापवून पुन्हा मऊ करता येतं आणि ती अधिक वेळा वापरता येते. आपल्या घरासाठी पहिला धडा असा : नुसती ठेवायची, पुसायची वस्तू असेल तर मुलामा बरा, वाकणारी, घासणारी, ताण सोसणारी असेल तर साधं पितळ बरं.

दुसरा धडा आपल्याच पावसाळ्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवत. तिथे पुंगळ्या कुणी हात न लावताच तडकू लागल्या. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना धातूत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र येऊन ते घडत होतं. त्याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. तुमच्या वाडीतल्या पंपघरात युरियाच्या ओलावलेल्या गोण्यांशेजारी पितळी व्हॉल्व्ह असेल, किंवा गोठ्यात पितळी नळ असेल, तर तिथे हाच धोका आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. भारतात काडतूस बनवणं किंवा भरणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या घराच्या माळ्यावर शिकारीच्या काळातली काडतुसं सापडली तर ती उघडू नका, घासू नका, पितळ म्हणून भंगारात देऊ नका. आहेत तिथेच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.

पहिली पायरी : तुमच्या घरची हवा आणि पाणी पाहा

वसई-विरारमध्ये दोन घरांचा अनुभव सारखा नसतो. पाचूबंदर, रानगाव, भुईगाव, कळंब, अर्नाळा या पट्ट्यात खारा वारा थेट येतो. नायगाव-जूचंद्रच्या बाजूला मिठागरं आणि खाडी आहे. वालीव, सातिवली, गोखिवरेच्या पट्ट्यात कारखान्यांची हवा आहे. पाण्याचंही तसंच. कुणाकडे सूर्या प्रकल्पाचं धरणाचं पाणी येतं, कुणाकडे बोअरवेलचं, कुणाकडे टँकरचं, तर पुष्कळ सोसायट्यांत तिन्हींचं मिश्रण एकाच टाकीत पडतं.

खरेदीआधी हे करा :

1. सोसायटीच्या टाकीत कोणतं पाणी किती दिवस येतं ते विचारून घ्या.
2. पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. चार आकडे मागा : एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस), कठीणपणा, क्लोराइड आणि आम्लता (पीएच).
3. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी (आयएस १०५००) ते ताडून पाहा. त्यात क्षार ५०० मिलिग्रॅम, कठीणपणा २०० मिलिग्रॅम आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर इथपर्यंत पाणी स्वीकारार्ह मानलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २०००, ६०० आणि १००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे.
4. जुन्या नळांकडे पाहा. पांढरे खवले म्हणजे कठीण पाणी, हिरवट थर म्हणजे क्षार आणि सततची ओल, लालसर चट्टे म्हणजे पितळेतलं जस्त निघून जातंय.

क्लोराइड जास्त आणि पाणी तासन् तास साचून राहणारं असेल, तर पितळेतलं जस्त हळूहळू झिजतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. हे नळाच्या आतल्या बाजूने होतं. बाहेरचा निकेलचा मुलामा कितीही चांगला असला तरी तो आतला बिघाड थांबवत नाही. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यासाठी नळ घेताना चकाकीपेक्षा पितळेचा दर्जा आणि भिंतीची जाडी पाहायची, ती यासाठी.

दुसरी पायरी : कुठे काय घ्यावं

- मोरी, न्हाणीघर, स्वयंपाकघराचा नळ : निकेल-क्रोम केलेला पितळी नळ घ्या. रोज ओल असते, रोज पुसला जातो, वाकत नाही. इथे मुलामा आपलं काम चोख करतो.
- गच्चीवरचा, अंगणातला, वाडीतला नळ : साधा, जाड, ओतीव पितळी नळ घ्या. ऊन, खारा वारा आणि दुर्लक्ष या तिन्हींपुढे पातळ मुलामा लवकर हरतो. साधा नळ काळा पडेल, पण चालत राहील.
- दाराची कडी, कोयंडा, बिजागरी, झोपाळ्याच्या कड्या : साधं पितळ घ्या. इथे धातूवर धातू घासतो. मुलामा पहिला तिथेच उडेल आणि त्याची किनार बोटाला लागेल.
- दाराची मूठ, पाटी, आरशाच्या पट्ट्या : घर किनाऱ्यापासून आत असेल तर मुलामा चालेल. समुद्रासमोर असेल तर साधं पितळ किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. ‘लॅकर’ लावून सोनेरी ठेवलेलं पितळ समुद्रकाठी टाळा. लॅकरला एक ओरखडा गेला की त्याखाली काळे धागे पसरतात आणि सगळा थर काढल्याशिवाय ते पुसता येत नाहीत.
- समया, निरांजनं, घंटा, चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या पितळी बैठका : साधंच ठेवा. तेल, काजळी आणि मेण काढायला घासावं लागतं, आणि घासणं मुलाम्याला मानवत नाही. घंटेवर थर चढवल्याने तिच्या नादातही फरक पडू शकतो.
- गोठा, पंपघर, खताची खोली : शक्यतो पितळ टाळा. प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह पाहा. निकेलचा थर अखंड आहे तोवर अमोनियाच्या आड येतो, पण पान्याचा एक घाव त्याला पुरतो.

तिसरी पायरी : दुकानात तपासून घ्या

मुलाम्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही, आणि फसवणुकीला वाव इथेच मिळतो. जस्ताच्या हलक्या मिश्रधातूवर किंवा प्लॅस्टिकवरही तशीच चकाकी चढवता येते.

- वजन पाहा. पितळ घन सेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम भरतं, जस्ताचा मिश्रधातू साडेसहाच्या आसपास. एकाच आकाराचे दोन नळ हातात घेतले की फरक जाणवतो.
- चुंबक लावा. घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे. पितळ चिकटत नाही.
- आत डोकावा. नळाच्या आट्यांकडे, आतल्या बाजूला मुलामा नसतो किंवा अपुरा असतो. तिथे पिवळा रंग दिसला पाहिजे. करडा दिसला तर प्रश्न विचारा.
- पृष्ठभाग उजेडात तिरपा धरा. पुटकुळ्या, ढगाळ डाग, कोपऱ्यांत निस्तेजपणा असेल तर तो नग घेऊ नका.
- चिन्ह पाहा. पितळी नळांसाठी आयएस ७८१ आणि आयएस ८९३१, निकेल-क्रोम मुलाम्यासाठी आयएस १०६८ अशी भारतीय मानकं आहेत. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून दुकानात उभ्या उभ्या पडताळता येतो.
- हमी लेखी घ्या. ‘दहा वर्षं गॅरंटी’ कशाची, गळतीची की मुलाम्याची, हे विचारा. पुष्कळ हमीपत्रांत दोन्हींची मुदत वेगवेगळी असते आणि खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ते वाचूनच पैसे द्या.

स्वयंपाकाच्या भांड्याला निकेल नको, कल्हईच हवी

हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याला वेगळी जागा देतो. कल्हईवाला दारावर येत नाही, म्हणून पातेलं, तपेली आतून निकेल करून घ्यावी का? नाही. कल्हई म्हणजे कथलाचा थर. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांच्या आंबटपणाने उघडं पितळ कळकतं, आणि ते रोखायला कथील पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. निकेल आंबटात थोडं थोडं उतरू शकतं. काही जणांना निकेलची अॅलर्जी असते. शिवाय सजावटीसाठी चढवलेल्या थराला अन्नासाठी तपासलेलं नसतं.

- आतली कल्हई झिजून पिवळं दिसू लागलं की त्या भांड्यात शिजवणं थांबवा.
- कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवू नका.
- तारेच्या घासणीने कल्हई निघते. मऊ घासणी आणि राख किंवा साधा साबण पुरे.

पिण्याच्या पाण्याबद्दल एक सवय लावून घ्या. नळाच्या पितळेत घडाईच्या सोयीसाठी थोडं शिसं असू शकतं, आणि मुलामा दिलेल्या नळातून थोडं निकेलही उतरू शकतं. आयएस १०५०० मध्ये पाण्यातल्या शिशाची मर्यादा ०.०१ आणि निकेलची ०.०२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. रात्रभर नळात साचलेलं पहिलं पाणी बादलीत धरून झाडांना किंवा फरशीला वापरा, पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्यानंतरचं घ्या. गिझरच्या नळाचं गरम पाणी पिऊ नका. गावाहून किंवा परदेशाहून महिन्यांनी परतलात तर सगळे नळ काही मिनिटं सोडून द्या.

निगा : दोघांची रीत वेगळी

*मुलाम्याच्या वस्तूंची :*

- ओल्या मऊ फडक्याने पुसा, मग कोरडं फडकं फिरवा. कोरडं करणं हीच अर्धी निगा आहे.
- पांढरे खवले आले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात भिजवलेलं फडकं काही मिनिटं गुंडाळा, मग भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका.
- शौचालयाचं अॅसिड, ब्लीचिंग पावडर, तारेची घासणी आणि पितळ उजळायची पावडर यांपैकी काहीच लावू नका. मिठाचं आम्ल असलेलं अॅसिड क्रोम विरघळवतं.
- नव्या घराच्या लाद्या अॅसिडने धुतात तेव्हा नळ बसवलेले असतील, तर नुसत्या वाफेनेही ते निस्तेज होतात. नळ नंतर बसवा, किंवा प्लॅस्टिकने झाका, खिडक्या उघड्या ठेवा आणि लगेच साध्या पाण्याने धुवून काढा.

*साध्या पितळेची :*

- चिंच किंवा लिंबू-मीठ चालतं, पण दोन-चार मिनिटांपुरतंच. मिठाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग येतात, म्हणून खळखळून धुवा आणि लगेच पुसा.
- रोज न लागणाऱ्या वस्तूंवर मेणाचा पातळ हात फिरवा. पावसाळाभर काळेपणा बराच लांबतो.
- कडी-बिजागरीला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवून खार काढा आणि तेलाचा एक थेंब सोडा.
- रंगाला घाबरू नका. तपकिरी झाक हे पितळेचं स्वतःचं कवच आहे. ती आवडत असेल तर राहू द्या.

आमच्या घरी एक घंगाळ आहे. त्याच्या काठावर लग्नातल्या भेटीचं नाव आणि तारीख कोरलेली आहे. लहानपणी मी ते चकाकावं म्हणून चिंचेत रात्रभर भिजत ठेवलं होतं. सकाळी ते गुलाबी पडलं होतं. पुन्हा पुन्हा घासून ते पिवळं झालं खरं, पण कोरलेल्या अक्षरांची धार गेली. तेव्हापासून मी उजळण्याची घाई करत नाही. तुम्हीही करू नका.

डाग, फोड, तडा : काय दिसतं, काय करायचं

- मुठीवर पिवळा ठिपका : मुलामा झिजलाय आणि खाली पितळच आहे. बोळींजच्या वाचकांनो, ही फसवणूक नाही, उलट आत खरं पितळ असल्याचा पुरावा आहे. मात्र हमीच्या मुदतीत असाल तर मुलाम्याच्या दोषाची तक्रार जरूर करा.
- करडा डाग आणि पांढरी भुकटी : आत जस्ताचा मिश्रधातू असण्याची शक्यता. ‘पितळी’ म्हणून विकला असेल तर बिल शोधा.
- तांबूस गंज : आत लोखंड.
- फोड : मुलाम्याखाली खार शिरलाय, किंवा मुलामा देताना पितळ नीट स्वच्छ केलं नव्हतं. फोड फोडू नका. पापुद्रा धारदार असतो.
- पितळेवर गुलाबी-लाल चट्टे : चिंचेनंतर आलेली लाली घासल्यावर जाते. घासूनही जात नसेल आणि आजूबाजूला पाणी पाझरत असेल, तर जस्त निघून गेलंय. तो नळ बदला.
- नटावर बारीक उभी रेष : तडा आहे. टेप जास्त गुंडाळून नट जोराने आवळला की तिथे ताण राहतो आणि पुढे तो तडकतो. वरून चिकटमाती लावून दिवस ढकलू नका. पाणी बंद करून भाग बदला. प्लंबरला सांगा, आवळणं गळती थांबेपर्यंतच.

जुनी वस्तू पुन्हा निकेल करून घ्यायची असेल तर

वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत मुलाम्याचं आणि बफिंगचं काम करणारे लोक आहेत. वस्तू देण्याआधी या गोष्टी समजून घ्या :

1. जुना थर रसायनाने उतरवतात, मग बफवर घासतात. बफिंगमध्ये धातू झिजतो. कोरीव नक्षी, कोरलेलं नाव, कारागिराची खूण पुसट होऊ शकते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.
2. तडा गेलेली किंवा गुलाबी पडलेली वस्तू देऊ नका. मुलामा दोष झाकतो, दुरुस्त करत नाही.
3. फक्त निकेल की वर क्रोमही, निकेल किती मायक्रॉन, आणि आट्या झाकून काम करणार का, हे लिहून घ्या. आट्यांवर थर चढला तर जोड नीट बसत नाही.
4. या कामाच्या सांडपाण्यात निकेल, क्रोम आणि कधी कधी सायनाइड असतं. अशा कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती आहे का, हे विचारायला संकोच करू नका. गाळ्यातून बाहेर पडणारं पाणी शेवटी आपल्याच नाल्यांतून खाडीत जातं.
5. घरी मुलामा देण्याचे संच वापरू नका. रसायनं घातक आहेत आणि ती मोरीत ओतणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

तुमचे हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तुमच्या बाजूने आहे.

- बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. बिल न देणं कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर ‘पितळी, निकेल-क्रोम मुलामा’ असं लिहून घ्या.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दोषयुक्त वस्तूला लागू होत नाही. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, दोषयुक्त वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.
- आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. सोबत बिल, हमीपत्र, फोटो आणि पाण्याचा तपासणी अहवाल जोडा. ‘तुमचं पाणीच खारं’ या उत्तराला हा अहवालच उपयोगी पडतो.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान मुंबईत असलं तरी. मुदत दोष कळल्यापासून दोन वर्षांची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.
- आयएसआय चिन्ह बनावट वाटलं तर ‘बीआयएस केअर’ अॅपवरूनच कळवा.
- नवा फ्लॅट घेतला असेल तर करारातली नळ आणि फिटिंग्जची यादी काढून वाचा. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या किंवा दर्जाच्या दोषाकडे लक्ष वेधल्यास विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची असते. न केल्यास महारेराकडे जाता येतं. मात्र आपण अॅसिडने घासून बिघडवलेला नळ यात बसत नाही. म्हणून निगा नीट आणि फोटो तारखेसह ठेवा.

खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला विचारा

- ही वस्तू नुसती पुसली जाणार आहे की घासली, वाकवली, आवळली जाणार आहे?
- तिला खारा वारा लागणार आहे का? आतून कोणतं पाणी वाहणार आहे?
- तिच्यात अन्न शिजणार आहे का?
- वीस वर्षांनी ती नव्याने उजळता यावी असं वाटतं, की बदलून टाकली तरी चालेल?

शेवटचा प्रश्न नळासाठी सोपा आहे, समईसाठी नाही. नळ बदलता येतो, तो निवडताना दर्जा, बिल आणि हमी पाहा. पण ज्या पितळेवर घरातल्या कुणाचं नाव कोरलेलं आहे त्यावर काहीही चढवू नका. ते काळं पडेल, तुम्ही पुसाल, ते पुन्हा उजळेल. तुमच्यानंतरच्यांनाही ते तसंच उजळता आलं पाहिजे.